सकाळी चालतो, दुपारी पडतो: १२५ केव्हीएचा जनरेटर आणि ५० एचपीचा कॉम्प्रेसर

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये देखभालीचे काम पाहत असताना मला ज्या तक्रारीने सर्वांत जास्त सतावले, तीच तक्रार आजही निरनिराळ्या कारखान्यांतून जवळपास त्याच शब्दांत ऐकू येते. वीज गेली की जनरेटर आपोआप सुरू होतो, दिवे लागतात, सीएनसी (संगणकाने नियंत्रित होणारी) यंत्रे एकेक करून चालू होतात आणि मग स्क्रू कॉम्प्रेसरने (फिरत्या स्क्रूंनी हवा दाबणाऱ्या यंत्राने) सुरुवात केली की इंजिनाचा आवाज दबतो, एक्झॉस्टमधून काळा धूर येतो, पॅनेलमधले कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने जोडले जाणारे स्विच) खडखडू लागतात आणि काही सेकंदांत सारे शॉप पुन्हा अंधारात जाते. जनरेटर १२५ केव्हीएचा आणि कॉम्प्रेसर ५० एचपीचा, म्हणजे ३७ किलोवॅटचा. कागदावर पाहिले तर जनरेटरची क्षमता दुपटीहून अधिक. जनरेटरचा तंत्रज्ञ इंजिन उत्तम असल्याचे लिहून देतो, कॉम्प्रेसरचा तंत्रज्ञ मोटर उत्तम असल्याचे लिहून देतो आणि शेवटी मालकाला सल्ला मिळतो की १८० किंवा २५० केव्हीएचा संच घ्या.

आमच्याकडे हा सल्ला जवळजवळ अमलात आला होता. तो थांबला तो कॉम्प्रेसर चालवणाऱ्या ऑपरेटरच्या एका साध्या निरीक्षणामुळे. त्याचे म्हणणे असे की, सकाळी आल्याआल्या वीज नसेल तर याच जनरेटरवर हाच कॉम्प्रेसर बिनतक्रार सुरू होतो. पाळी चालू असताना दुपारी वीज गेली, तरच तो पडतो. जनरेटर खरोखर लहान असता तर त्याने सकाळ आणि दुपार असा भेद केला नसता. म्हणून खरेदी थांबवून मोजमाप करायचे ठरले. त्या मोजमापातून जे हाती लागले ते सविस्तर मांडतो, कारण या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा नेमप्लेटवरचे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहण्यात असते आणि ते आकडे मुळात एका जागचे नसतात.

कोणता आकडा कुठला

मोटरच्या नेमप्लेटवरचे ३७ किलोवॅट हे शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचे माप आहे. मोटर लाइनमधून किती घेते हे त्यातून कळत नाही. आयई-३ या कार्यक्षमता-वर्गाच्या ३७ किलोवॅट, चार पोलच्या मोटरची कार्यक्षमता ९३.९ टक्के धरली जाते, म्हणजे पूर्ण भारावर ती लाइनमधून सुमारे ३९.४ किलोवॅट घेते. इथपर्यंत हिशेब सोपा आहे. परंतु कॉम्प्रेसर बनवणारे मोटरचा सर्व्हिस फॅक्टर वापरून घेतात. सर्व्हिस फॅक्टर १.१५ असेल तर त्या मोटरवर ४२ किलोवॅटहून अधिक भार टाकण्याची मुभा असते आणि अनेक यंत्रे ती मुभा रोजच्या रोज वापरतात. त्याशिवाय कूलरच्या पंख्याची मोटर वेगळी असते, आणि तिचा भार त्या ५० एचपीमध्ये मोजलेला नसतो. आम्ही पॉवर अ‍ॅनालायझर लावून पाहिले, तेव्हा ८.२ बार दाबावर लोडवर (म्हणजे हवा दाबत) असताना आमचा ‘३७ किलोवॅटचा’ कॉम्प्रेसर ४६ किलोवॅट घेत होता. पंख्याचे पावणेदोन किलोवॅट आणि मोटरमधला तोटा वजा केला, तर मुख्य मोटरच्या शाफ्टवर सुमारे ४१.५ किलोवॅट, म्हणजे तिच्या रेटिंगच्या ११२ टक्के भार पडत होता. त्यात बिघाड काहीच नव्हता, यंत्राची रचनाच तशी होती. पण जनरेटरचा हिशेब करणाऱ्याने ३७ हाच आकडा धरला होता.

आता जनरेटरकडे पाहू. १२५ केव्हीए (व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणाकारातून येणारा आकडा) हे अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनाने फिरवल्या जाणाऱ्या वीज तयार करणाऱ्या भागाचे, माप आहे. अल्टरनेटरच्या गुंडाळ्यांना करंट सोसायचा असतो. तो करंट उपयुक्त काम करतो की केवळ चुंबकीय क्षेत्र उभे करतो याच्याशी त्यांना देणेघेणे नसते, म्हणून त्याचे रेटिंग केव्हीएमध्ये दिले जाते. इंजिनाला मात्र किलोवॅटच ओढावे लागतात. ०.८ पॉवर फॅक्टरवर (किलोवॅट भागिले केव्हीए) १२५ केव्हीए म्हणजे १०० किलोवॅट, आणि इंजिन त्या १०० किलोवॅटच्या बेताने निवडलेले असते. ४१५ व्होल्टवर या अल्टरनेटरचा पूर्ण करंट १७४ अँपिअर येतो. शॉपचा पॉवर फॅक्टर कॅपॅसिटरने ०.९८ वर आणला म्हणून या संचातून १२२ किलोवॅट मिळतील असे समजणे चूक आहे, कारण अल्टरनेटरला जागा उरली तरी इंजिन १०० च्या आसपासच थांबते. हा गैरसमज मी अनुभवी वायरमनांकडूनही ऐकला आहे.

त्या १०० किलोवॅटलाही अटी आहेत. आयएसओ ८५२८ या मानकात एकाच इंजिनासाठी निरनिराळी रेटिंग दिली आहेत. स्टँडबाय रेटिंग हे वर्षाला २०० तासांपर्यंतच्या आणीबाणीच्या वापरासाठी असते. प्राइम रेटिंगला तासांची मर्यादा नसते, पण भार बदलता असावा आणि २४ तासांच्या चालण्यातली त्याची सरासरी रेटिंगच्या ७० टक्क्यांहून अधिक नसावी, असे गृहीत धरलेले असते; ही सरासरी काढताना संच बंद असलेला काळ मोजायचा नसतो आणि ३० टक्क्यांखालचा भार ३० टक्केच धरायचा असतो. सतत एकसारखा भार असेल तर कंटिन्युअस रेटिंग पाहावे, आणि ते प्राइमहून कमी असते. जनरेटर घेताना कोटेशनवरचा आकडा यांपैकी कोणता, हे लेखी विचारून घ्यावे. जुना संच विकत घेताना तर हे आवर्जून करावे, कारण स्टँडबायचा आकडा सांगून विकलेला संच रोज सहा तास चालवला तर तक्रार दोन वर्षांनी उभी राहते आणि तेव्हा विचारायला कोणी उरत नाही.

आमच्या शॉपचा इतर भार ४० किलोवॅट होता. त्यात कॉम्प्रेसरचे ४६ मिळवले तर ८६ किलोवॅट होतात. सतत चालण्याच्या दृष्टीने हे अंमळ जास्तच होते, पण इंजिनाच्या आवाक्याबाहेरचे नव्हते. म्हणजे दोष चालत्या भारात नसून सुरू होण्याच्या त्या काही सेकंदांत होता.

हर्ट्झ आधी पडतो की व्होल्ट

ट्रिप होताना कोण हरते आहे, इंजिन की अल्टरनेटर, हे ठरवल्याशिवाय काहीही बदलू नये. त्याची परीक्षा अगदी साधी आहे. इंजिनावर किलोवॅटचा भार एकदम आला की त्याची गती कमी होते आणि फ्रीक्वेन्सी मीटर खाली येतो. अल्टरनेटरवर करंटचा, त्यातही लॅगिंग (व्होल्टेजच्या मागे राहणाऱ्या) करंटचा भार एकदम आला की व्होल्टेज खाली येते. म्हणून त्या क्षणी दोन्ही मीटरांकडे पाहायचे आणि आधी कोण पडते ते टिपायचे. व्होल्ट आधी आणि जोरात पडून हर्ट्झ मागाहून थोडे हलले, तर अडचण करंटची आहे. हर्ट्झ आधी पडून व्होल्ट त्याच्या मागे गेले, तर अडचण इंजिनाची आहे. दुसऱ्या प्रकारात व्होल्टही का पडतात, हे ठाऊक असायला हवे: बहुतेक एव्हीआरमध्ये (अल्टरनेटरचे व्होल्टेज राखणाऱ्या नियंत्रकात) अशी योजना असते की फ्रीक्वेन्सी ठरावीक मर्यादेखाली, बहुधा ४७ ते ४८ हर्ट्झच्या आसपास, गेली की एव्हीआर स्वतःच व्होल्टेज उतरवतो, म्हणजे इंजिनाचा भार हलका होऊन त्याला सावरायला वेळ मिळतो. केवळ शेवटचे वाचन पाहणारा माणूस त्यामुळे एव्हीआरला दोष देतो आणि विनाकारण नवा एव्हीआर बसवतो.

डिजिटल मीटर सेकंदभराने आकडा बदलतात, त्यामुळे त्यांच्यावर हा क्रम सुटतो. आम्ही पॅनेलवर जुना काट्याचा व्होल्टमीटर तात्पुरता जोडला, शेजारी फ्रीक्वेन्सी मीटर ठेवला, कॉम्प्रेसरच्या एका फेजवर क्लॅम्प मीटर अडकवला आणि समोर मोबाईल उभा करून चित्रीकरण सुरू ठेवले. नंतर ते चित्रीकरण थांबवत थांबवत पाहिले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. स्टारमध्ये (कमी करंट घेणाऱ्या सुरुवातीच्या जोडणीत) मोटर सुरू झाली तेव्हा व्होल्टेज ३८० च्या आसपास उतरून तिथेच रेंगाळले, मोटरचा आवाज चढायला हवा होता तो चढलाच नाही, पाचव्या सेकंदाला टायमरने डेल्टा (पूर्ण शक्तीची जोडणी) टाकला आणि काटा एकदम ३०० व्होल्टच्या खाली कोसळला. फ्रीक्वेन्सी त्यानंतर घसरली. कॉन्टॅक्टरचा खडखडाट त्याच क्षणी ऐकू येत होता. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला रेटिंगच्या ७५ टक्क्यांखाली व्होल्टेज मिळाले की तो धरून राहीलच याची हमी नसते, आणि ४१५ चे ७५ टक्के म्हणजे ३११ व्होल्ट.

या आकड्यांमागचा हिशेब असा. त्या मोटरचा पूर्ण भाराचा करंट ६४ अँपिअर. थेट डेल्टात सुरू केली तर ती त्याच्या साडेसहा पट, म्हणजे ४१६ अँपिअरच्या आसपास ओढते. स्टारमध्ये लाइनचा करंट त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १४० अँपिअर होतो. इतर भाराचे ७० अँपिअर मिळवले तरी बेरीज २१० च्या आत राहते, आणि १७४ अँपिअरचा अल्टरनेटर काही सेकंदांसाठी ते सहज सोसतो. स्टार-डेल्टा स्टार्टरवर सगळे विसंबतात ते यासाठीच. पण मोटर पूर्ण गतीच्या जवळ पोहोचण्यापूर्वी डेल्टात गेली तर स्टारचा सारा फायदा नाहीसा होतो, कारण अर्ध्या-पाऊण गतीवर असलेली इंडक्शन मोटर जवळजवळ सुरुवातीइतकाच करंट ओढते. ३५० अँपिअर जरी धरले तरी एकट्या मोटरचे ते २५० केव्हीए होतात, म्हणजे अल्टरनेटरच्या क्षमतेच्या दुप्पट. त्यामुळे व्होल्टेज पाव भागाने तरी उतरते. आणि व्होल्टेज पाव भागाने उतरले की मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होऊन जेमतेम ५६ टक्के उरतो, म्हणजे मोटर गती घ्यायला आणखी वेळ लावते आणि तेवढा वेळ करंट चढाच राहतो.

हाच टायमर महावितरणच्या विजेवर कधी तक्रार देत नव्हता, कारण ट्रान्सफॉर्मरच्या मागे सारे जाळे उभे असते, व्होल्टेज हलत नाही आणि पाच सेकंदांत मोटर गतीला येते. जनरेटरवर तिला तेच काम करायला सात-आठ सेकंद लागतात. टायमर लावणाऱ्याने तो मुख्य विजेवर लावला होता, जनरेटरवर कोणी तपासलाच नव्हता.

सकाळ आणि दुपार

तरीही ऑपरेटरचे निरीक्षण उरतच होते. टायमर आखूड असेल तर सकाळीही मोटर पडायला हवी होती. त्याचे उत्तर कॉम्प्रेसरच्या आतल्या टाकीत सापडले. तेल आणि हवा वेगळी करणाऱ्या सेपरेटर टाकीत कॉम्प्रेसर चालू असताना पूर्ण दाब असतो. कॉम्प्रेसर थांबला की इनटेक व्हॉल्व्ह मिटतो आणि ब्लोडाऊन व्हॉल्व्ह उघडून टाकीतली हवा बाहेर सोडतो. सुस्थितीतल्या यंत्रात अर्ध्या ते एका मिनिटात तो दाब उतरतो. तोवर स्क्रू फिरवायला लागणारा टॉर्क मोठा असतो. स्टारमध्ये मोटरचा टॉर्क आधीच एक तृतीयांश, त्यात जनरेटरवर व्होल्टेज उतरलेले. दाबाविरुद्ध तिला गती घेता येत नाही.

सकाळी टाकीत रात्रभराने दाब शून्य असतो. दुपारी मात्र वीज गेल्यापासून १२ सेकंदांत जनरेटर भार घ्यायचा आणि कोणीतरी सोयीसाठी बसवलेल्या ऑटो रीस्टार्टमुळे आणखी १५ सेकंदांत कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. मी गेजवर लक्ष ठेवून उभा राहिलो तेव्हा सुरू होण्याच्या क्षणी टाकीत तीन बारहून अधिक दाब होता. शॉपमधली माणसे त्याला ‘तीन केजी’ म्हणतात, तोच. वाईट गोष्ट अशी की, मी ऑटो रीस्टार्ट बंद करून पूर्ण एक मिनिट थांबलो, तरी दाब दोनच्या खाली येईना. ब्लोडाऊनच्या तोंडाशी असलेला सायलेन्सर उघडला, तर तेल आणि बारीक धूळ मिळून तयार झालेल्या काळ्या लगद्याने तो जवळजवळ बुजला होता. डिझेलमध्ये धुऊन फुंकल्यावर त्याच्या जाळीतून पहिल्यांदा उजेड दिसला. तो बसवल्यावर ४० सेकंदांत काटा शून्याला टेकला.

इथे आणखी एक शक्यता तपासून घ्यावी. सायलेन्सर स्वच्छ असूनही दाब उतरत नसेल, तर कॉम्प्रेसर आणि रिसीव्हर (दाबलेली हवा साठवणारी टाकी) यांच्यामधला व्हॉल्व्ह बंद करून पाहावे. तो बंद केल्यावर दाब उतरत असेल, तर हवा मागे येऊ न देणाऱ्या मिनिमम प्रेशर व्हॉल्व्हमधून रिसीव्हरची हवा मागे येत आहे असे समजावे. त्याची सील बदलली की काम होते. सेपरेटर टाकीचा कोणताही भाग उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि गेज शून्य दाखवत असले तरी निचऱ्याचा व्हॉल्व्ह सावकाश उघडून दाब खरोखर गेल्याची खात्री करावी. ऑटो रीस्टार्ट असलेल्या यंत्राला तर ‘यंत्र आपोआप सुरू होते’ अशी ठळक पाटी हवीच. वीज गेली म्हणून बेल्ट किंवा पंख्याजवळ हात घालणाऱ्या माणसाचा हात गेल्याच्या घटना आपल्या वसाहतींमध्ये नव्या नाहीत.

मग आम्ही केलेले बदल फार थोडे होते. सायलेन्सर साफ केला, ब्लोडाऊन सोलेनॉइडची कॉइल आणि प्लंजर तपासून घेतले, रीस्टार्टचा विलंब १५ वरून ९० सेकंदांवर नेला, स्टारचा टायमर पाचावरून आठ सेकंदांवर नेला आणि जनरेटरवर भार घेण्याचा क्रम उलटा केला, म्हणजे वीज गेल्यावर आधी दिवे आणि कॉम्प्रेसर, तो स्थिर झाल्यावर सीएनसी यंत्रे. टायमर वाढवताना स्टारमध्ये करंट कुठे स्थिर होतो ते क्लॅम्प मीटरवर पाहून त्यानंतर एका सेकंदाची सवलत ठेवली. अंदाजाने १५-२० सेकंद ठेवू नयेत, कारण त्यामुळे मोटर स्टारमध्येच तापत राहते. यानंतर डेल्टा टाकताना व्होल्टेज क्षणभर ३५५ पर्यंत उतरून लगेच परतू लागले आणि फ्रीक्वेन्सी ४८.५ च्या खाली गेली नाही. ताडून पाहायचे तर, आयएसओ ८५२८ मधील जी-२ वर्गाच्या संचाला एकदम भार आल्यावर २० टक्के व्होल्टेज आणि १० टक्के फ्रीक्वेन्सी उतरण्याची मुभा आहे, म्हणजे ३३२ व्होल्ट आणि ४५ हर्ट्झ. अधिक काटेकोर असलेल्या जी-३ वर्गाला १५ आणि ७ टक्के. जे पडत होते तेच यंत्र आता जी-३ च्या मर्यादेत बसत होते.

डिझेलचा हिशेब

ट्रिपिंग थांबले तरी ८६ किलोवॅटचा चालता भार उरतो, आणि तिथे कार्यक्षमतेचा प्रश्न येतो. लिटरभर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल, म्हणजे दहा युनिटांच्या आसपास ऊर्जा असते. या आकाराचा सुस्थितीतला संच पाऊण भारावर लिटरमागे साडेतीन ते पावणेचार युनिट वीज देतो, म्हणजे त्यातली ३५ ते ३७ टक्के ऊर्जा हाती लागते. पाव भारावर हा आकडा तीन युनिटांखाली येतो, कारण इंजिनाचे घर्षण आणि पंखा भाराप्रमाणे कमी होत नाहीत. आपल्या संचाचा आकडा काढायचा असेल तर टाकी काठोकाठ भरावी, मीटरचे वाचन घ्यावे, दोन-तीन तास नेहमीच्या भारावर चालवावे आणि पुन्हा काठोकाठ भरायला लागलेल्या डिझेलने युनिटांना भागावे. इंडिकेटरच्या काट्यावरून काढलेला हिशेब माझ्या मते टाकाऊ असतो.

पुढे कॉम्प्रेसरमध्ये जाणाऱ्या विजेची ९० टक्क्यांहून अधिक उष्णता होऊन कूलरमधून निघून जाते, आणि हवेच्या हत्याराच्या टोकाशी उपयोगी कामाच्या रूपाने जेमतेम १० ते १५ टक्के पोहोचतात. म्हणजे जनरेटरवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या बाबतीत डिझेलमधल्या शंभर भागांपैकी चार-पाच भागच शेवटी काम करतात. एअर गनने चिप उडवताना किंवा घाम पुसायला अंगावर हवा घेताना (जे सुरक्षेच्या दृष्टीनेही करू नये) हा आकडा डोळ्यांसमोर असावा, असे मला मनापासून वाटते.

आमचा कॉम्प्रेसर ८.२ बारवर का लावला होता, याचे कारण कोणालाच सांगता आले नाही. यंत्रांना सहा बार पुरत होते. शोध घेतला तेव्हा हवेतला ओलावा काढणाऱ्या ड्रायरनंतरच्या फिल्टरचे एलिमेंट चोंदून तिथेच जवळपास एक बार दाब मरत असल्याचे आढळले, आणि शेवटच्या यंत्राला हवा कमी पडते म्हणून कोणीतरी सेटिंग चढवले होते. सात बारच्या आसपास दाबात एक बार वाढ केली की सहा ते सात टक्के शक्ती जास्त लागते. एलिमेंट बदलून सेटिंग सातवर आणले आणि ४६ किलोवॅटचे साडेबेचाळीस झाले. मोटरवरचा सर्व्हिस फॅक्टरचा भारही त्यामुळे बराच उतरला, म्हणजे जनरेटरला लाभ झाला आणि मोटरलाही.

गळती मोजायला सुट्टीचा दिवस उत्तम. पिंपरी-चिंचवड भागात तो बहुधा गुरुवार असतो. सगळी यंत्रे बंद ठेवून, त्यांचे हवेचे व्हॉल्व्ह मात्र उघडे ठेवून कॉम्प्रेसर चालवावा आणि तो किती सेकंद लोडवर, किती अनलोडवर (हवा न दाबता नुसता फिरत) राहतो ते दहा फेऱ्यांसाठी लिहावे. आमचा ९० सेकंद लोड आणि २१० सेकंद अनलोड होता, म्हणजे ३० टक्के हवा काहीही काम न करता जात होती. इथे एक चूक टाळावी. ३० टक्के गळती थांबवली म्हणून ३० टक्के वीज वाचत नाही, कारण अनलोडवरही स्क्रू कॉम्प्रेसर फुकट फिरत नाही. आमचा अनलोडवर १४ किलोवॅट घेत होता. वाचतो तो ४६ आणि १४ मधला फरक, म्हणजे ३२ चे ३० टक्के, साडेनऊ किलोवॅटच्या आसपास. जनरेटरवर असताना ते तासाला पावणेतीन लिटर डिझेल होते.

कॉम्प्रेसर पूर्वीइतकी हवा देत नाही अशी शंका असेल, तर पंप-अप चाचणी घ्यावी. रिसीव्हर पुढच्या पाइपांपासून व्हॉल्व्हने वेगळा करून तो किती वेळात किती दाबाने भरतो ते पाहायचे. दाबातली वाढ भागिले वातावरणाचा दाब, गुणिले रिसीव्हरचे आकारमान, भागिले मिनिटे, असे वातावरणाच्या दाबावर मोजलेल्या हवेचे (फ्री एअर डिलिव्हरी), म्हणजे एफएडीचे सूत्र आहे. आमच्या दोन घनमीटरच्या रिसीव्हरमध्ये पाच बार वाढायला ९७ सेकंद लागले. हिशेब करणाऱ्याने वातावरणाचा दाब १.०१३ बार धरला आणि २१५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) उत्तर काढून यंत्र झिजल्याचा निष्कर्ष लिहिला, कारण नेमप्लेटवर २४० होते. पण पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि तिथला वातावरणाचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. तो धरला की तेच ९७ सेकंद २२९ सीएफएम दाखवतात, आणि नेमप्लेटशी तुलना करताना तेवढा फरक काळजीचा नाही. रिसीव्हरमधली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते, त्याची तापमान-दुरुस्ती केली तर उत्तर दोन-तीन टक्क्यांनी खाली येते. पिस्टन कॉम्प्रेसर घेताना मात्र नेमप्लेटवरचा सीएफएम हा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा (पिस्टनच्या हालचालीतल्या आकारमानाचा) आहे की एफएडीचा, हे आधी विचारावे. पहिला आकडा असेल तर प्रत्यक्ष हवा त्याच्या ७० ते ८० टक्केच मिळेल असे धरून चालावे.

मोठा संच कधी घ्यावा

वरील सारे करूनही फ्रीक्वेन्सी आधी पडत असेल, तर इंजिन तपासावे: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचार्जरपासून इनटेकपर्यंतचे रबरी होज आणि त्यांचे क्लिप, आणि कॅनोपीतून (संचावरच्या आवरणातून) गरम हवा बाहेर पडण्याचा मार्ग. टर्बो इंजिनाला बूस्ट तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून ते पूर्ण १०० किलोवॅट एका झटक्यात घेऊ शकत नाही, टप्प्याटप्प्याने घेते. होज चिरलेला असेल तर ते टप्पेही घेता येत नाहीत, आणि काळा धूर हे त्याचेच लक्षण असते. सगळे ठीक असूनही शंका राहिली तर लोड बँक (चाचणीसाठी कृत्रिम भार देणारे उपकरण) आणून १०० किलोवॅटवर तासभर चाचणी घ्यावी.

पॉवर फॅक्टरचे कॅपॅसिटर पॅनेल जनरेटरवरही जोडलेले राहते का, हेही पाहावे. भार कमी असताना कॅपॅसिटर लीडिंग करंट देतात आणि अल्टरनेटरचे व्होल्टेज एव्हीआरच्या ताब्याबाहेर चढू शकते. वीज गेल्यावर ते पॅनेल आपोआप वेगळे होईल असा इंटरलॉक करणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

व्होल्टेज हळूहळू चढवून मोटर सुरू करणाऱ्या सॉफ्ट स्टार्टरबद्दल मला नेहमी विचारले जाते. तो साधारण तीन ते चार पट करंट घेतो, म्हणजे स्टारच्या टप्प्याहून जास्तच. त्याचा लाभ एवढाच की डेल्टाचा धक्का नसतो. व्हीएफडी (मोटरची गती बदलणारा ड्राइव्ह) असलेला कॉम्प्रेसर मात्र पूर्ण भाराच्या करंटवर न जाता सुरू होतो आणि बदलत्या मागणीत अनलोडचा खर्चही वाचवतो. त्याच्या हार्मोनिक्समुळे (करंटच्या लहरीतल्या विकृतीमुळे) अल्टरनेटर अधिक तापतो, म्हणून चोक (ती विकृती कमी करणारी कॉइल) असलेला ड्राइव्ह घ्यावा आणि अल्टरनेटर पुरवणाऱ्याला ड्राइव्हचा भार किती हे आधी कळवावे.

मोठा संच घेण्याची किंमत फक्त खरेदीत नसते. २५० केव्हीएचा संच ५० किलोवॅटवर चालवला तर तो पाव भारावर चालतो. दीर्घकाळ ३० टक्क्यांखाली चालणाऱ्या डिझेल इंजिनात इंधन नीट जळत नाही, एक्झॉस्टमध्ये ओले काजळ साचते आणि सिलिंडरचे लायनर चकाकू लागून तेल खाण्याचे प्रमाण वाढते. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या संचांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिक कडक निकष लागू झाले आहेत, आणि त्यासाठी बसवलेल्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला काम करायला एक्झॉस्ट पुरेसा गरम लागतो. हलक्या भारावर तो तसा होत नाही.

चालता भारच रोज ८०-८५ किलोवॅट असेल आणि वीज तासन्‌तास जात असेल, तर १२५ केव्हीएचा प्राइम संच ७० टक्क्यांच्या सरासरीत बसणार नाही आणि तेव्हा १६० किंवा १८० केव्हीए घेणे योग्यच आहे. ती मागणी करताना पुरवठादाराला मोटरची एचपी सांगून थांबू नये. कॉम्प्रेसर लोडवर असताना मोजलेले किलोवॅट, स्टार्टरचा प्रकार, सुरू होताना लागणारे केव्हीए, त्या वेळी आधीपासून चालू असलेला भार आणि आपल्याला चालेल अशी व्होल्टेजची घसरण किती टक्के, हे पाचही आकडे लिहून द्यावेत आणि अल्टरनेटरची निवड याच आकड्यांवर केली आहे असे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे.